करवत कुणाची, बोट कुणाचं?

माणसानं कोणत्या वस्तूंचा मालक व्हावं आणि कोणत्या वस्तू शेजाऱ्याच्या मालकीच्या राहू द्याव्यात, याबद्दल माझं एक तत्त्वज्ञान आहे. पुण्याच्या आमच्या सोसायटीत जवळजवळ तीस वर्षं काढल्यावर ते चांगलं मुरलेलं आहे. शिडी समोरच्यांची असावी. ड्रिल मशीन वरच्या मजल्यावरच्यांचं असावं. आपल्याकडे फक्त मागण्याची कला असावी. शिडी वर्षातून दोनदा लागते, पंखे पुसायला. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस ती नुसती उभी असते आणि अंधारात तिला ठेचकाळतो तो तिचा मालक. उपयोग माझा आणि ठेच त्याची, यापेक्षा चांगली वाटणी मला तरी ठाऊक नव्हती.

या तत्त्वज्ञानाला पहिला तडा गेला तो न्यू जर्सीत, आमच्या चिरंजिवांच्या गॅरेजमध्ये.

सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलेल्या आईबापांना अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सगळं घर दाखवतात. गॅरेज शेवटी. तिथं गाडी सोडून सगळं असतं. गाडी बिचारी बाहेर बर्फात. आमच्या चिरंजिवांच्या गॅरेजमध्ये मधोमध, देव्हाऱ्यात गणपती बसवावा तसं, घडीच्या चाकांच्या स्टँडवर एक यंत्र बसवलेलं होतं. वर लोखंडी पाट आणि पाटाच्या मधल्या फटीतून डोकं काढलेलं गोल, दातेरी पातं.

"बाबा, ही टेबल सॉ. पोर्टेबल आहे."

"म्हणजे करवत," मी सौ.ला सांगितलं.

"करवत मला फक्त करवतकाठीची माहीत आहे," सौ. म्हणाली आणि स्वयंपाकघर बघायला आत गेली.

पोर्टेबल हा शब्द पोर्टरवरून आला असावा. त्या यंत्राची एक बाजू उचलायला मला लावलं तेव्हा पुणे स्टेशनवरच्या समस्त हमालांबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला. पंचवीस-तीस किलो वजन, पण चाकं असल्यामुळे ते पोर्टेबल! कारखान्यात जमिनीला खिळलेल्या मोठ्या करवती असतात, त्यांच्या मानानं हे खरंच हलकं. इमारतीचं काम चालू असेल तिथं गाडीतून न्यायचं, साध्या घरगुती प्लगला जोडायचं, काम झालं की घडी घालून भिंतीला उभं करायचं. तेवढ्यासाठी जन्माला आलेलं यंत्र. आमचे चिरंजीव कॉम्प्युटरवाले. त्यांनी आयुष्यात कापलेल्या गोष्टींत कॉलेजचे तास आणि दाढी करताना गाल, एवढंच मला आठवत होतं.

मी एका सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात ३६ वर्षं काढली आहेत. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की माझ्या डोक्यात आपोआप दोन रकाने पडतात: फायदे आणि तोटे. या करवतीचेही पडले.

फायदे. हातकरवतीनं सहा फुटी फळी उभी चिरायची तर अर्धा तास आणि दोन खांदे जातात, आणि रेघ नर्मदेसारखी वळणं घेते. इथं पाटावर एक सरळ पट्टी असते. पात्यापासून हव्या त्या अंतरावर ती आवळायची आणि फळी तिला टेकवून पुढे सरकवायची. दहा फळ्या चिरा, दहाही सारख्याच रुंदीच्या. पातं वर-खाली होतं, तिरकं होतं. मिनिटाभरात काम.

तोटे. पहिला तोटा आवाज. जमिनीला खिळलेल्या मोठ्या करवती गुरगुरतात म्हणे; या धाकटीची मोटर लहान, म्हणून ती किंचाळते. चिरंजिवांनी कानाला ती भली मोठी कर्णफुलं लावून बटण दाबलं आणि आत झोपलेली नात पाळण्यात उभी राहिली. दुसरा तोटा भुसा. तो गॅरेजमध्ये, गाडीत, लाँड्रीत आणि एकदा तर साबुदाण्याच्या खिचडीतही निघाला. तिसरा, पाट लहान. प्लायची अख्खी आठ फुटी शीट त्यावर ठेवली की ती एका बाजूला कलते, यंत्रही तिच्यामागोमाग कलायला बघतं, आणि मग दुसरं टोक धरायला एक सेवानिवृत्त वडील लागतात.

चौथा तोटा नैतिक आहे. मालकी एकदा आली की ती गप्प बसू देत नाही. करवत घेतली एका बुकशेल्फसाठी. शेल्फ झालं. पण एवढे डॉलर घालून एकच शेल्फ म्हणजे ते शेल्फ चंदनाचं पडलं! मग ती किंमत विभागण्यासाठी मसाल्याचं फडताळ झालं, चपलांचं झालं, देव्हारा झाला, शेवटी पक्ष्यांना घर झालं. पक्ष्यांनी ते नाकारलं. सूनबाई म्हणाली, "आता घरात फक्त मीच चिरायची राहिलेय." वस्तू आपण बाळगतो असं आपल्याला वाटतं, थोड्या दिवसांनी वस्तू आपल्याला कामाला लावते.

"अरे, पण त्यापेक्षा सुतार का नाही बोलावत?" एकदा मी विचारलंच.

चिरंजीव हसले. चार फळ्यांच्या कामाला इथं सुतार येतच नाही, आणि आलाच तर त्याचं बिल बघून आपल्यालाच खाली बसायला खुर्ची लागते. इथं हात महाग आणि हत्यार स्वस्त. आपल्याकडे उलट. म्हणून इथला माणूस हत्यार विकत घेतो आणि आपण हात रोजावर घेतो. हे वाक्य तेव्हा मला नुसतं चटकदार वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी शेजारचे गोरे गृहस्थ करवत मागायला आले. मला अगदी पुण्यात असल्यासारखं वाटलं. यांचं गवत कापायचं यंत्र आमच्याकडे सर्रास येतं. पण चिरंजीव म्हणाले, "यंत्र नाही देत. फळी आणा, मी कापून देतो." गृहस्थ गेल्यावर मी त्याला झापलं. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?

"बाबा, शिडी उसनी देता येते. ही नाही. त्यांचं बोट गेलं तर?"

आणि मग त्यानं मला त्या पात्याची कुंडली सांगितली. पातं दहा इंची. मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे. मी क्लेमवाला, मी लगेच कागदावर हिशेब केला: दात्यांचा वेग तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. आमच्या डेक्कन क्वीननं हा वेग स्वप्नातही पाहिलेला नाही. शिवाय चिरताना फळी पात्यामागे आवळली गेली किंवा पातं आणि पट्टी यांच्यात तिरकी अडकली, तर पातं तिला उचलून थेट कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतं. याला तिकडे किकबॅक म्हणतात. मला त्या शब्दाचा सरकारी कंत्राटातला अर्थ तेवढा ठाऊक होता. त्यातही बसतो तो दुसऱ्यालाच. हे होऊ नये म्हणून पात्यामागे एक उभी पोलादी पट्टी असते, वर झाकण असतं, आणि फळीचा शेवटचा भाग हातानं नव्हे, काठीनं ढकलायचा असतो. एवढं असूनही एकट्या अमेरिकेत या करवतींच्या पात्यानं वर्षाला सुमारे ३०,००० माणसं जखमी होतात आणि ४,००० च्या आसपास लोकांची बोटं तुटून वेगळी होतात. हे आकडे तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाचे. त्यांतले बरेच जण आमच्या चिरंजिवांसारखे हौशी.

"मग ही तू घेतलीसच कशाला?"

"ही वेगळी आहे," तो म्हणाला.

ही वेगळी असण्याची कथा अशी. स्टीव्ह गॅस नावाचा एक पेटंटचा वकील, शिक्षणानं भौतिकशास्त्राचा डॉक्टर, हौसेनं सुतार. १९९९ साली त्याच्या डोक्यात आलं, की लाकडातून वीज वाहत नाही, माणसातून वाहते. मग पात्याला हा फरक कळायला काय हरकत आहे? त्यानं पात्यात बारीकसा विद्युत संकेत सोडला. बोट लागलं की संकेत बदलतो, स्प्रिंग सुटते, ॲल्युमिनियमचा एक ठोकळा थेट दात्यांत घुसतो आणि पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबून पाटाखाली जातं. माणसाला ओरखडा उठतो, तोही नशीब असेल तर. त्यानं हे लोकांना सॉसेज कापायला लावून दाखवलं आणि शेवटी स्वतःचं बोट लावून. करवती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी त्याचं जमलं नाही, तेव्हा त्यानं सॉ-स्टॉप ही आपलीच कंपनी काढली. त्याची पोर्टेबल करवत बाजारात यायला २०१५ साल उजाडलं. किंमत साध्या करवतीच्या दुप्पट-तिप्पट.

दुप्पट-तिप्पट हा शब्द ऐकल्यावर माझं विज्ञानाचं कुतूहल संपलं.

"चालतो का तरी तो ब्रेक? एकदा दाखव गाजर लावून."

"बाबा, एकदा ब्रेक लागला की तो ठोकळा गेला आणि पातंही गेलं. दोन्ही नवीन आणायचं."

म्हणजे ज्याची खात्री करून घेता येत नाही आणि जे कधीच उपयोगी पडू नये अशी प्रार्थना करायची, त्यासाठी आधीच भरपूर पैसे मोजायचे. ३६ वर्षं मी लोकांना हेच विकत होतो, याला विमा म्हणतात. तरीही माझ्या तोंडून गेलंच: "एवढे पैसे कशाला? साधी घ्यायची आणि जपून कापायचं."

चिरंजीव पात्यावरचा भुसा ब्रशनं झाडत होते. मान वर न करता म्हणाले, "आपले मिस्त्रीही जपूनच कापायचे, बाबा."

आता १९९६ सालात जावं लागेल.

त्या साली आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. कपाटं, ओटा, दिवाण असं सगळं काम एका कोकणातल्या मिस्त्रींना दिलं होतं, दीडशे रुपये रोजानं. माणूस देवमाणूस. रंधा, पटाशी, गुण्या रोज संध्याकाळी पुसून पिशवीत ठेवायचा. दसरा आला तरी कपाटांचे सांगाडेच उभे होते आणि दिवाळीला सौ.च्या माहेरची माणसं यायची होती. मी रोज ऑफिसातून आलो की विचारायचो, "काय मिस्त्री, दिवाळीपर्यंत होईल ना?" एकदा, दोनदा, पंधरा वेळा.

एक दिवस मिस्त्रींनी विजेवरची हातकरवत आणली. गॅलरीत प्लायचं एक टेबल ठोकलं, ती करवत त्याला खालून उलटी आवळली आणि वर फट पाडून पातं बाहेर काढलं. म्हणजे पाहा, पोर्टेबल टेबल सॉच की! झाकण नाही, मागची पट्टी नाही. खटका दोरीनं कायमचा आवळलेला. बंद करायचं तर भिंतीतली पिन उपटायची. मी कौतुकानं म्हणालो, "वा मिस्त्री! आता काम झपाट्यानं होईल."

झालंही. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.

तो रविवार होता, मी घरी होतो. आमच्या खात्यात एक तक्ता असे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या जोडपत्रातला. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, त्याचा. अंगठा ३०. तर्जनी अख्खी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. मला तो पाढ्यासारखा पाठ होता. मिस्त्री बोट मुठीत धरून भिंतीला टेकून बसले होते, सौ. पंचा फाडत होती, बारा वर्षांचा आमचा मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा होता, आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? "तर्जनी, एक पेर. नऊ टक्के." त्याच्यामागोमाग दुसरं आलं, ते सांगायला आणखी लाज वाटते: हा माणूस तक्त्यात बसत नाही. किरकोळ कामावरचा, आणि मालकाच्या धंद्यासाठी न ठेवलेला, असा माणूस कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेला होता. ते शब्द पुढे २००० साली कायद्यातून काढले गेले. पण १९९६ साली मी बिनधोक होतो.

मी काही राक्षस नव्हतो. रिक्षा केली, दवाखान्याचं बिल भरलं, वर पाचशे रुपये दिले. सौ.नं डबा पाठवला. दहाव्या दिवशी पांढरं बोट वर धरून मिस्त्री कामावर आले आणि दिवाळीच्या आदल्या रात्री कपाटं उभी राहिली. हिशेब झाला. मी पाठीमागच्या पानावर लिहिलेलं होतं: खाडे ९, वजा रु. १,३५०. मिस्त्रींनी पैसे मोजले, कपाळाला लावले, पिशवी उचलली आणि गेले.

नऊ टक्के आणि नऊ खाडे. हा योगायोग क्लेम खात्यातल्या माणसालाही त्या वेळी दिसला नाही.

न्यू जर्सीतल्या त्या रात्री मला झोप आली नाही. शिडी शेजाऱ्याची असावी, हे माझं तत्त्वज्ञान मी तपासून पाहिलं. उपयोग माझा, ठेच त्याची! मी आयुष्यभर हत्यार विकत घेतलं नाही याचा मला अभिमान होता, साधी राहणी वगैरे. प्रत्यक्षात मी करवत घेतलीच होती. फक्त तिच्यासमोर ठेवायची बोटं दुसऱ्याची, रोजावर घेतलेली होती. द्रोणाचार्यांना आपण इतकी नावं ठेवतो. पण त्यांनी एकलव्याचा अंगठा निदान तोंडानं मागितला होता. मी फक्त "दिवाळीपर्यंत होईल ना?" एवढंच विचारत होतो.

याचा अर्थ प्रत्येकानं करवत विकत घ्यावी असा नाही. सगळ्यांनी आपापल्या फळ्या आपणच चिरल्या तर मिस्त्रींनी खायचं काय? आणि माझ्यासारख्यांच्या हाती ती पडली तर तो तक्ता अंगठ्यापासून करंगळीपर्यंत कामाला लागेल. पण करवत ज्याच्या घरी असते त्याला तिची भीती वाटते. तो पैसे मोजून ब्रेक घेतो, काठीनं फळी ढकलतो, आणि शेल्फ या रविवारी झालं नाही तर पुढच्या रविवारी करतो. काम दुसऱ्याला दिलं की पैसे आपले राहतात, घाई आपली राहते आणि भीती तेवढी त्याच्याकडे जाते. आपण मजुरी देतो ती कामाची. सावकाशीची कोण देतो?

परत येताना चिरंजिवांनी माझ्या बॅगेत एक लाकडी काठी टाकली. पुढच्या टोकाला खाच, मागे धरायला मूठ. पक्ष्यांच्या घरानंतर त्या करवतीवर झालेली पहिली उपयोगी वस्तू.

इथं आल्यावर सौ.ला स्वयंपाकघरात दोन फळ्या वाढवून हव्या होत्या. सोसायटीत काम करणारा एक तरुण मिस्त्री आला. त्यानं गॅलरीत प्लायचं टेबल मांडलं, यंत्र खालून उलटं आवळलं. तीस वर्षांत त्या टेबलात काडीचा फरक पडलेला नव्हता. मी त्याला ती काठी दिली.

तो हसला. "काका, असलं धरून कापत बसलो तर दिवस जाईल."

"जाऊ दे. दिवसाचे पैसे मी देणार आहे ना?"

मी समोर होतो तोवर त्यानं काठी वापरली. चहा सांगायला आत गेलो, परत येऊन पाहतो तर काठी कोपऱ्यात आणि दोन्ही हात फळीवर. "सवय नाय हो काका." मग मी खुर्ची टाकून गॅलरीच्या दारातच बसलो. दोन फळ्यांना दोन दिवस लागले. सौ.च्या मते मला वेड लागलं आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीनं तिचं बरोबर आहे.

बोलता बोलता कळलं की तो आमच्या जुन्या मिस्त्रींचाच पुतण्या. ते आता गावी असतात, काम सोडलंय. मी एका पाकिटात तेराशे पन्नास रुपये आणि त्यांवरचं तीस वर्षांचं व्याज घालून त्याच्या हाती दिलं. चार दिवसांनी फोन आला. आवाज थकलेला, पण तोच.

"साहेब, पैसे कसले पाठवलेत? आपला हिशेब तर तेव्हाच मिटला होता."

"ते खाडे धरले होते ना, मिस्त्री..."

"मग? खाडे झालेच होते की." ते अगदी सहज म्हणाले. मला पुढे काही सुचेना. तेव्हा त्यांनीच विचारलं, "ते जाऊ द्या. कपाटाचे ड्रॉवर अजून नीट सरकतात ना?"

मी फोन धरून उठलो, ड्रॉवर ओढून पाहिला.

"सरकतात," मी म्हणालो. "एका बोटानं सरकतात."

म्हणालो, आणि जीभ चावली.